शेवटचा नट

शेवटचा नट घट्ट बसला, तरी सत्यभामाबाईंनी पाना आणखी एकदा फिरवून पाहिला.

पाना खाली ठेवून त्या बघत राहिल्या. ओसरीत स्टँडवर सायकल उभी होती. दोन चाकं, चेन, ब्रेक, सीट, सगळं जिथल्या तिथं. त्यांनी पोतं उलटं करून झटकलं. नुसता गंज पडला.

जीवन, त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्याला कंपनीत लागायच्या आधी चिखलीला सायकलच्या दुकानात काम करायचा. तिथले जुने भाग पोत्यात भरून घरी टाकून गेला होता. उन्हाळ्यात भंगारवाला दारात आला, तेव्हा बाईंनी त्याला फोन लावला. पोतं देऊन टाकू का?

"नोको देऊ," तो म्हणाला. मग हसला. "तूच जोड नं, माय. मी सांगतो."

"मले काय कळते रे त्यातलं?"

"शेवया वळता येतात नं तुले? मग हे बी येईन."

त्याआधी त्यांचं फोनवरचं बोलणं ठरलेलं असे. जेवली का? जेवली. तू? हाव. ठेवू? ठेव. नवरा गेल्यापासून चिखलीजवळच्या उंद्री गावातल्या त्या घरात दुसऱ्या माणसाचा आवाज तेवढाच, तोही एवढासा. सायकलीनं तो लांबवला. रोज दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लावून झाला की बाई ओसरीत बैठक मारत. फोन साधा, बटणांचा; जीवनला दिसत काहीच नसे. म्हणून सगळं शब्दांत. "वाटीसारखं काही हाय का हाताशी? त्यात ग्रीस भर, लोणी माखल्यावानी. आता छर्रे एकेक बसव." एकदा त्यातली एक पोलादी गोळी निसटून कुठंतरी गेली. बाई कंदिलासारखा फोन धरून ओसरीभर रांगत होत्या आणि तो पुण्याहून विचारत होता, "उतार कोणीकडे हाय ओसरीचा? रांजणाखाली पाह्य." रांजणाखालीच होती. दोघंही एकदम ओरडले होते.

कधी कधी कळलेलं असूनही त्या पुन्हा विचारत. दोनदा ऐकलं की पक्कं होतं, अशी स्वतःची समजूत घालत. यंदाच्या चातुर्मासात खोटं न बोलण्याचा त्यांचा नेम होता. विचारणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे.

पण आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शेजारच्या पुष्पाबाई कुडावरून डोकावल्या. "अवं माय! झाली की वो! आता बसता का हिच्यावर? आमचं बी दळण घेऊन जा मंग."

"कायची बसतो वो. गुडघे कुठं राह्यले?"

"मंग एवढे हात काऊन काळे केले?"

बाई रिकाम्या पोत्याची घडी घालू लागल्या. पुष्पाबाईंनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सांगूच नोका नं जीवनले. म्हणा, चेन बसून नाही राह्यली. त्याले कुठं दिसते?"

"नेम हाय माझा."

"एवढ्याशा खोट्यानं देव रागवत नसते."

"देवाचं नाही वो फक्त. पोरगं दिवसभर राबून येते. त्याले रोज रोज किती अडकवून ठेवू?"

चुलीवर दूध आहे म्हणत पुष्पाबाई आत गेल्या.

संध्याकाळी दिवा लावून बाई तुळशीपुढं उभ्या राहिल्या. आज जोडलेले हात सुटायला वेळ लागला. फोन वाजला तेव्हा त्या तिथंच होत्या. तो कानाला लावून त्या ओसरीत आल्या.

"हाव, माय. बस खाली. आज चेन घेऊ नं?"

"चेन सकाळीच बसली." त्यांनी हाताला राहिलेलं ग्रीस फडक्याला पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिल्या. "जीवन, झाली रे सायकल."

पलीकडे त्याच्या मागं ना कुणाचं बोलणं, ना भांड्याचा आवाज. हे नेहमीचंच होतं. दोस्तांतून उठून, बाजूला येऊन बोलतो, असं बाई समजत.

"सगळी झाली?"

"हाव. एक बी नट नाही उरला."

"ब्रेक?"

"लागतात."

"घंटी?"

त्यांनी वाजवून दाखवली. ओसरीत ती फार मोठी वाजली.

"आता तू मोकळा, बापा," त्या म्हणाल्या. "थकून येतं. जेवून निजत जा वेळेवर. रोज रोज फोनचं..."

फोन कटला की काय म्हणून बाईंनी कानापासून दूर धरून पाहिला. तेवढ्यात घाईघाईनं त्याचा आवाज आला.

"थांब, माय. ठेवू नोको. मागचं चाक फिरव. फोन चाकाच्या मधी धर, आसापाशी. मी ऐकतो."

बाई सायकलीच्या मागच्या चाकापाशी आल्या. गुडघ्यावर एक हात टेकवत, कण्हत, सावकाश खाली वाकल्या. स्पीकर लावलेला फोन दुसऱ्या हातानं आसाजवळ नेला.

"हां, येऊन राह्यला आवाज," जीवन म्हणाला. "खरखर करते. छर्रे बराबर नाही बसले, माय. पुरी खोलावी लागते. उद्या पहिल्यापासून करू."

सत्यभामाबाईंनी चाकाला अजून हातही लावला नव्हता.