टाके किती पडणार?

"टाके किती पडत्याल?" बनाबाईनं विचारलं.

"टाके?" डॉक्टर मेघना हसल्या. "अहो, घाबरताय कशाला? दुर्बिणीतून करायचंय. पोटाला चार बारीक भोकं, जेमतेम बोट जाईल एवढी. पित्ताची पिशवी खड्यांसकट त्यातूनच बाहेर येते. उद्या सकाळी ऑपरेशन, परवा घरी."

पित्ताच्या खड्यांवर ही दुर्बीण बारामतीत नवीनच आली होती आणि डॉक्टरीणबाईंना तिचं भारी कौतुक. असावंच. पण आपण धीर द्यावा आणि समोरच्या बाईचं तोंड आणखी उतरावं, असं त्यांच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं. फार दुखणार नाही म्हटलं, उतरलं. डाग दिसणार नाही म्हटलं, आणखी उतरलं. आठवड्यात उठून कामाला लागाल म्हटल्यावर तर बनाबाईनं पदराचं टोक तोंडात धरलं.

नवरा मात्र खुर्चीतून उडालाच. "आठवड्यात? आवो म्याडम, दुखणं मुंगीच्या पावलानं जातं म्हनत्यात. ह्ये तर फटफटीवर बसून चाललं की!" गोकुळ आईकडं वळला. "आये, म्हंजी टोमॅटोच्या पैल्या तोड्याला ही आली म्हनून समज."

आई, रंगुबाई, भिंतीला टेकून उभी होती. ती मुळातच कमी बोलायची. काय काम राहिलंय आणि किती उशीर झालाय, याशिवाय सासूच्या तोंडून बनाबाईनं फारसं काही ऐकलं नव्हतं.

गोकुळ वाईट माणूस नव्हता, बरं का. बायकोच्या पोटात कळ उठली की सांगवीत घरोघर जीप शोधत फिरायचा. पण दुखणं केवढं, हे त्याला टाक्यांवरून कळायचं. त्यालाच कशाला, अख्ख्या गावाला. भेटायला येणारी बाई आधी टाके बघणार, मग तोंडाला पदर लावणार. हातभर टाके असले तर खाट मिळते, कण्हता येतं, जेवणाचं ताट जागेवर येतं. शेजारच्या छकुलीनं सरकारी शिबिरात मुलं बंद करायचं बिनटाक्याचं ऑपरेशन केलं, दुसऱ्या दिवशी कांद्यात खुरपायला बसली. भोक पिकलं, तापानं फणफणली, तरी लोकांचं आपलं एकच. तिला झालंच काय?

सिस्टरनं गोकुळला औषधं आणायला पिटाळलं. रंगुबाईही पाणी प्यायला बाहेर गेली. खोलीत दोघीच राहिल्या तशी बनाबाई खुर्चीच्या टोकाला सरकली.

"म्याडम, येक मागू का?"

"मागा की."

"मला मोठंच फाडा."

डॉक्टरांना वाटलं, बाई भीतीनं बरळतेय.

"हितनं हितंपत्तुर," बनाबाईनं पोटावरून बोट ओढून दाखवलं. "पैलं फाडायचे तसं. दुखलं तर दुखू द्या."

"काहीतरीच काय बोलता, बनाबाई! मोठं कापलं की जास्त दुखतं. जखम चिघळू शकते. महिना-दीड महिना वजन उचलता येत नाही..."

"व्हय," बनाबाई घाईनं म्हणाली. "त्येच."

डॉक्टर मेघनांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाहेर कुणाचं तरी तान्हं रडत होतं.

"मला ऑपरेशनचं भ्या न्हाय ओ," बनाबाई म्हणाली. "घरी जायाचं हाय. आत तुमी काय कापलं, कुनाला दिसनार? भोकं बघून हसत्याल. जीव नकोसा झालाय म्याडम, वरीसभर ह्या कळा काढून पाट्या उचलतीया. मला थोडं पडून ऱ्हायाचंय. नुसतं पडून."

"मी सांगते ना तुमच्या मालकांना. विश्रांती लागते म्हणून."

"तुमी सांगशीला, त्ये व्हय म्हनतील. आन तोडा आला की माज्या म्होरं पाटी यील."

"पण म्हणून विनाकारण पोट फाडू मी? ते मला जमणार नाही." डॉक्टरांनी मान वळवली आणि तशाच थांबल्या.

दारात रंगुबाई उभी होती. पदरानं ओलं तोंड पुसत होती, तो हात मधेच राहिला होता.

बनाबाई खुर्चीतून उठली. ही कधीची उभी आहे? काय काय ऐकलं हिनं? आता घरी गेल्यावर काही खरं नाही. "आत्या, म्या आपलं उगंच..."

रंगुबाईनं आत येऊन दाराला कडी घातली. सुनेकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"बारीकच भोकं पाडा," ती डॉक्टरांना म्हणाली.

बनाबाईनं डोळे मिटून घेतले.

"पर पट्टा मोटा बांधा. छातीपास्नं कमरंपत्तुर. आन गोकुळला सांगा, दुर्बीन चालली न्हाय, समदं पोट फाडाय लागलं."

"अहो आजी, असं खोटं कसं सांगू मी?"

बाहेरून दारावर थाप पडली. "आये, कडी का घातली?" गोकुळ विचारत होता. "औशदं आनल्यात!"

"थांब रं जरा," रंगुबाई तिथूनच ओरडली. मग तिनं पाठ दाराकडं केली, लुगडं बाजूला सारलं आणि बेंबीपासून खाली गेलेला जुना, पांढरा पडलेला टाक्यांचा माग डॉक्टरांना दाखवला.

"गर्भाची पिशवी काढली तवाचं," ती म्हणाली. "ह्याच्यावर सव्वा महिना आयतं जेवले मी, बाई. आक्ख्या जल्मात तेवढंच."