बॅनरचं दुसरं टोक
देशाची निवडणूक तोंडावर असताना पक्ष फुटल्याची बातमी आली, त्या सकाळी दाजींनी माळ्यावरचा कापडी बॅनर काढला. दर निवडणुकीला एक टोक त्यांच्या खिडकीला बांधायचं, दुसरं गल्लीपलीकडे मेव्हण्याच्या. दाजींची बायको खाली रस्त्यातून ओरडायची, “तुम्हा दोघांची डोकी वाकडी, बॅनर तरी सरळ बांधा!” ती हिवाळ्यात वारली, आणि आता मेव्हणा फुटीर गटात होता. दाजींनी नेहमीसारखी दोरी फेकली. बंद खिडकीवर आपटली. पुन्हा फेकली तेव्हा खिडकी उघडली. “दाजी, बातम्या ऐकल्या नाहीत? आपले पक्ष आता वेगळे.” “ऐकल्या. गाठ मारू नकोस, नुसती धर.” मेव्हण्याने कुरकुरत दोरी ओढली. कापड ताणलं गेलं. “ताई, सरळ आहे का गं?” सवयीने तो बोलून गेला. दोघांनी रिकाम्या रस्त्याकडे पाहिलं. दोरी कुणीच सोडली नाही. गाठ मारायची अजून राहिलीय.