रविवारचं कुंकू

केशव जर्मनीला शिकायला गेला तर नानासाहेबांच्या पदरात काय पडणार, हे सगळ्या पुंडलिकनगराला पाठ होतं. भावकीत वजन वाढणार होतं. लग्नाच्या बाजारात पोराचा भाव वधारणार होता. पण नानासाहेबांचा खरा लोभ वेगळाच होता. पोरगं घट्ट होऊन परत यायला हवं होतं.

कारण केशव फार मऊ होता. इंजिनिअरिंगला असताना पैठणच्या शेतावरचं वासरू विकलं, तर हा दोन वेळ जेवला नाही. द्वारकाबाईही जेवल्या नाहीत. मायलेक स्वयंपाकघरात डोळे पुसत बसले. नानासाहेब दारात येऊन म्हणाले, "रडून काय होणार हाय?" हे वाक्य ते पोराला तो चालायला लागल्यापासून ऐकवत आले होते. पोरगं काही ऐकत नव्हतं. म्हणून मग जर्मनी.

विमानतळावर केशव आईच्या गळ्यात पडून रडला. हे शेवटचं, असं समजून नानासाहेबांनी ते खपवून घेतलं.

पोरगं सुधारत गेलं. पहिल्या हिवाळ्यात त्याला स्वयंपाक आला. मग कपडे धुता आले, भाड्याची खोली शोधता आली. दुसऱ्या वर्षी तो तापानं फणफणला, तेही बरा झाल्यावर सांगितलं. नानासाहेबांनी ही बातमी चौकात चहा पाजून सांगितली. द्वारकाबाईंच्या घशाखाली त्या दिवशी घास उतरला नाही.

मग ऐन उन्हाळ्यात नानासाहेब शेतावर, विहिरीच्या कठड्याशी बसल्या बसल्या गेले.

केशवची शेवटची परीक्षा तोंडावर होती. नानासाहेबांचे धाकटे भाऊ कारभारी यांनी तिरडी बांधून व्हायच्या आत निकाल दिला, की पोराला कळवायचं नाही. ते मऊ आहे, परीक्षा सोडून पळत येईल, मग दादानं केलेलं सगळंच मातीत. अग्नी कारभारींनीच दिला. पाहुण्यारावळ्यांना तंबी दिली, कोणाच्याही तोंडून फोनवर शब्द निघता कामा नये. आणि त्याच संध्याकाळी चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. भावपूर्ण श्रद्धांजली, फेट्यातले नानासाहेब, खाली शोकाकुल मंडळींची नावं. पहिलं नाव केशवचं. लेकाचं नाव पहिलं टाकलं नसतं तर भावकीनं तोंडात शेण घातलं असतं. यात काही चुकतंय, असं कोणालाच वाटलं नाही.

केशवचा व्हिडिओ कॉल रविवारी यायचा. रविवार आला की द्वारकाबाई दार लावून घ्यायच्या, पुसलेल्या कपाळावर कुंकू लावायच्या, उतरवलेल्या हिरव्या बांगड्या हातात चढवायच्या आणि फोनपुढं बसायच्या. बाबा शेतावर गेलेत, तिथं रेंज नाही, असं कारभारींनी पढवून ठेवलं होतं. पहिल्या रविवारी ते सांगताना द्वारकाबाईंचा आवाज कापला. केशव "बरं" म्हणाला. नंतर त्यानं बाबांचं विचारलंच नाही. पोराला इतक्या सहज गुंडाळलं म्हणून कारभारी स्वतःवरच खूष होते.

फोन बंद झाला की द्वारकाबाई स्वतःच्या हातानं कपाळ पुसायच्या. एकदा पुसायचं राहिलं. सोमवारी सकाळी कारभारींची बायको आशाबाई भाजी निवडता निवडता म्हणाली, "बाई, आज रविवार नाय."

द्वारकाबाईंनी तेही गिळलं. त्या दहाव्यालाही रडल्या नव्हत्या. बायांनी पाठीवरून हात फिरवले, पण त्यांचं रडू बाहेर आलं नाही. ते त्यांनी केशवसाठी राखून ठेवलं होतं. या घरात सोबतीनं रडावं असं तेवढं एकच माणूस होतं.

केशव पदवी घेऊन आला. विमानतळावर घ्यायला येऊ नका, मी येतो, असं त्यानं आधीच कळवलं होतं. द्वारकाबाई मोकळ्या कपाळानं, मोकळ्या हातानं दारात उभ्या राहिल्या. आता लपवायचं काही नव्हतं.

केशवनं आईच्या कपाळाकडं पाहिलं. तो दचकला नाही. बूट काढून नीट जोडीनं ठेवले, आईच्या पाया पडला, भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोपुढं हात जोडले. कारभारींनी घोकून ठेवलेलं बोलायला सुरुवात केली. केशवनं त्यांना हळूच थांबवलं.

"काका, मला त्याच दिवशी कळलं. मित्रानं फ्लेक्सचा फोटो पाठवला होता. माझं नाव पहिलं होतं."

कारभारी खाली बसले. द्वारकाबाईंनी पोराची बाही धरली.

"म्हंजी तू मला दर रविवारी कुंकवात बघत व्हतास?"

"हो."

"मंग एकदा तरी बोलायचं रं. मी तुझ्यापायी थांबले व्हते."

केशवनं बाही सोडवून घेतली, अगदी सांभाळून. आत जाऊन आईसाठी पाण्याचा पेला भरून आणला. द्वारकाबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिल्या. आता ओठ थरथरेल, आता डोळे भरतील. काहीच झालं नाही.

"पेपर होते, आई," तो म्हणाला. "आणि रडून काय होणार होतं?"

तोच सूर, तीच ढब. कारभारींची मान आपोआप फोटोकडं वळली.

आईनं पाणी घेतलं नाही. केशवनं पेला परत नेला, विसळला, ओट्यावर पालथा घातला आणि आंघोळीला टॉवेल कुठं आहे म्हणून विचारलं.

नानासाहेबांना हवा होता तो पोरगा घरी आला होता. द्वारकाबाईंचा तिकडंच राहिला.