शेजारची सीट

नवऱ्याने जुनी गाडी घरी आणली, तेव्हा टेलरबाईंनी हौसेने सीटांची कव्हरं शिवली. पण त्या पुढे नवऱ्याशेजारी बसल्या की गाडी चालू व्हायची नाही. तो किल्ली फिरवून फिरवून दमायचा. वैतागून त्या खाली उतरल्या की इंजिन लगेच घुरघुरायला लागायचं.

"वहिनी, गाडीत काही खोट नाही," मेकॅनिक म्हणाला.

"मग काय माझ्यात आहे?"

हळूहळू नवराच म्हणू लागला, "तू मागे बस ना, लेकीजवळ." त्या मागे बसायच्या आणि आतल्या आत धुमसत राहायच्या. घरी धड दोन शब्द न बोलणारा हा माणूस स्टिअरिंग हातात आलं की गाणं गुणगुणायचा. गाडी पुसताना तर त्याचा चेहरा असा खुलायचा, की टेलरबाईंना ते बघवत नसे.

एका रविवारी त्या हट्टाने पुढेच बसल्या. बराच वेळ गेला, गाडी ढिम्म हलेना. लेक रडकुंडीला आली, तेव्हा त्या मुकाट्याने मागे गेल्या. गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली.

पाठोपाठ सीट बेल्टची टुणटुण सुरू झाली. नवऱ्याने हात लांबवून शेजारच्या रिकाम्या सीटवरून पट्टा ओढला आणि अडकवला.

पट्टा सीटला टेकलाच नाही. वीतभर पुढे ताणलेला राहिला आणि संथपणे वरखाली होऊ लागला.

"नीट बसलीस ना गं?" नवऱ्याने मायेने विचारलं.

टेलरबाई 'हो' म्हणणार होत्या. पण तो शेजारी बघत होता.