निनावी प्रार्थना

चौथा निरोप वाचला आणि पाळक प्यो इन-सॉक यांनी फोन टेबलावर आपटला. कॉफी हिंदकळून रविवारच्या उपदेशाच्या कागदांवर सांडली.

‘घरचं माणूस भडकलं की हाताला येईल ते फेकून मारतं. काल उकळतं सूप अंगावर आलं. रात्र गाडीत काढली. प्रार्थना करा.’

नाव नाही. नाव विचारायचंच नाही, हे त्यांनीच ठरवलं होतं. मंडळी इनमीन तेवीस, त्यातल्या निम्म्या आज्या. सगळं गाव बोटींच्या एका धक्क्याभोवती. इथे तोंडानं कोण काय सांगणार? म्हणून त्यांनी चर्चच्या ऑनलाइन पानावर प्रार्थनेचा एक अर्ज टाकला होता. आज्या त्यात गुडघेदुखीबद्दल लिहीत आणि खाली न चुकता सही करत. मग हे निरोप यायला लागले.

इन-सॉकना संतापायला कारण होतं. त्यांच्या थोरल्या बहिणीनं बारा वर्षं नवऱ्याचा मार खाल्ला. तिच्या चर्चचा पाळक दर वेळी तिला एकच सांगायचा, “सोस, बाई.” हा शब्द आपल्या तोंडून निघणार नाही, असं इन-सॉकनी पाळक होतानाच ठरवलं होतं.

गाडी कोणाची, ते त्याच सकाळी कळलं. बर्फाच्या कारखान्यामागे एक निळा छोटा ट्रक उभा होता. आत कोणी नव्हतं, पण सीटवर रजई होती आणि काचांवर श्वासाचं धुकं. ट्रक मेंग दु-होचा. दु-होची स्वतःची मासेमारीची बोट होती. दारासारखे खांदे, धक्क्यावर हाक मारली की समुद्रपक्षी उडायचे. बायको माल-सुन त्याच्या काखेत मावेल एवढी. तिला मोठ्यानं बोलताना कोणी ऐकलं नव्हतं.

इन-सॉक तडक चर्चच्या स्वयंपाकघरात गेले. माल-सुन मुळे चिरत होती.

“ताई, घरी सगळं ठीक आहे ना?”

सुरी थांबली. “का, मोक्सानिम?” पाळकांना सगळे याच मानानं हाक मारत.

“मला कळलंय.”

“कोणी सांगितलं?”

“ते जाऊ दे. सूप, ट्रक, सगळं कळलंय.”

तिचे डोळे भरून आले. “संसारात भांड्याला भांडं लागतंच हो. दु-होला काही विचारू नका.”

“विचारायचं काय त्यात? रविवारी सगळ्यांसमोर उभा करतो त्याला. तुमचा काडीचा दोष नाही, ताई.”

तिनं मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग तिनं बाहीनं डोळे पुसले आणि पुन्हा मुळा हातात घेतला.

“तुमच्यासारखा पाळक मिळाला,” ती म्हणाली, “भाग्यच म्हणायचं माझं.”

रविवारी नेहमीप्रमाणे फोन स्टँडवर चढला, प्रक्षेपण सुरू झालं. घरून बघणाऱ्या गू आजीनं नेहमीप्रमाणे लिहिलं, ‘आवाज वाढव रे पोरा.’ आज ते लिहायची गरज नव्हती.

“मेंग दु-हो, उभा राहा!”

वयानं बारा वर्षं मोठ्या माणसाला मोक्सानिमनी एकेरीवर आणलं, तसे सगळे बाक वळले. दु-हो टोपी चुरगळत उठला.

“घरात काय चालतं ते मी सांगू, की तू सांगतोस?”

दु-होचा चेहरा पांढरा पडला. “तुम्हाला कळलं?”

“सगळं.”

“देवा रे…”

“त्याचं नाव घेऊ नकोस! एवढा धिप्पाड माणूस तू. लाज नाही वाटत?”

“वाटते,” दु-हो पुटपुटला. “लाजच वाटते, मोक्सानिम. म्हणून तर…”

“गुडघे टेक. बायकोची माफी माग.”

दु-होनं मान वर केली. ओठ हलले. तेवढ्यात माल-सुन हळूच म्हणाली, “राहू दे हो, मोक्सानिम. घरी गेल्यावर आमचं आम्ही बघू.”

दु-हो खाली बसला. दोन्ही गुडघ्यांवर. “चुकलं माझं.”

“मेल्या, एवढ्याशा बाईवर हात उगारतोस?” मागून एक आजी किंचाळली. दुसरीनं गीतांचं पुस्तक त्याच्या पाठीत हाणलं. त्यानं हातसुद्धा आडवा केला नाही.

इन-सॉकचं अजून संपलं नव्हतं. “ट्रकची किल्ली दे.” त्यांनी ती दु-होच्या मुठीतून अक्षरशः ओढून काढली, माल-सुनच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटवली. “ही तुमच्यापाशी राहील, ताई. पुन्हा तशी वेळ आली तर कोणापुढे हात पसरायला नको.”

साऱ्या बाकांमधून एकच “आमेन” उठला. फोनच्या पडद्यावर लाल बदामांचा पाऊस पडला. नवरा-बायको चालतच घरी निघाले, ती पुढे, तो मागे. हंगामभर कुलपात ठेवलेलं काहीतरी मोकळं झाल्यासारखं इन-सॉकना वाटलं.

दुपारपर्यंत चित्रफीत साऱ्या जिल्ह्यात फिरली. शेजारच्या गावच्या पाळकांनी गटात लिहिलं, ‘सिंह आहात.’ कित्येक आठवड्यांनी इन-सॉक पोटभर जेवले. मग त्यांनी बहिणीला फोन लावला. तिनं चित्रफीत तीनदा बघितली होती.

“माझ्या वेळी असं कोणी उठलं असतं तर, इन-सॉक…”

तेवढ्यात फोन थरथरला. चर्चच्या पानावर नवी प्रार्थना आली होती.

“थांब, आक्का, तिचाच निरोप आलाय,” ते म्हणाले. आभार असणार म्हणून त्यांनी तो मोठ्यानं वाचायला घेतला.

‘मोक्सानिम, किल्ली तुम्ही तिला दिलीत. आता मी कुठे जाऊ?’