अठरा कोरे चेहरे

"उरलेल्यांना तोंडं कधी फुटणार, वहिनी?" चर्चमधल्या नाताळच्या झाडाची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी टेबलावरचे कापडी देवदूत मोजत विचारलं. तिसांपैकी बारांचे चेहरे झाले होते.

"फुटली की तुमच्यासारखी प्रश्न विचारत सुटतील," बाबा म्हणाले. ते नुकतेच गॅरेजमधून आले होते आणि कोपरापर्यंत साबण लावून हात घासत होते. "आहेत तशीच बरी."

"तुम्ही ट्रकांचं बघा. हे नाजूक काम आहे."

बाबा हसले. लेक मान खाली घालून पंख टाचत राहिली.

दरवर्षी हे तीस देवदूत याच घरातून जायचे. आई कापड कापायची, लेक शिवून कापूस भरायची. चेहऱ्याचं भरतकाम शेवटी, आतल्या खोलीत, दार लावून व्हायचं. भुवईला एक टाका, ओठांना दोन. पण एक चेहरा दुसऱ्यासारखा नसायचा. लोक झाडापाशी रेंगाळत, आईच्या हाताचं कौतुक करत. आई म्हणे, "घरातल्या सगळ्यांचंच आहे ते." लोकांना तो तिचा विनय वाटे.

"ट्रकवाल्याला चहा मिळेल का, की पंख असलेल्यांनाच?" बाबांनी हात तिसऱ्यांदा धुतले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजमधून फोन आला. जेवणाचा डबा उघडता उघडताच बाबा कोसळले आणि तिथेच गेले होते.

पाचव्या दिवशी बाई पुन्हा आल्या. "यंदा राहू द्या, वहिनी. बाजारातले चमचमते गोळे लावू."

आईने सुई उचलली, थोडा वेळ धरली आणि खाली ठेवली. "मला नाही जमायचं."

"कसं जमेल? हात चालत नाही अशा वेळी."

"गोळे आणू नका," लेक म्हणाली. "मी करते."

"तू? आईचा हात तुला कुठून येणार, बाळा?"

पहिला चेहरा तिरळा झाला. दुसरा रागावलेला. तिने दोन्ही उसवले. मग दोऱ्याचा एकच पदर घेतला आणि टाका ओढायचं सोडून नुसता बसवला. आई शेजारी बसून सुया ओवून देत होती.

"हा थेट बाईंसारखा झालाय," सातवा चेहरा बघून आई म्हणाली. त्या आठवड्यात दोघी पहिल्यांदा हसल्या.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी तीसच्या तीस देवदूत झाडावर होते. बाईंनी चष्मा लावून एकेक चेहरा निरखला, मागे सरकून पुन्हा पाहिला. जुने बारा कोणते, त्यांना सांगता येईना.

"हरले मी," त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "खाण तशी माती. आईची कला लेकीत उतरली."

टाळ्या वाजल्या. मागच्या बाकावर गॅरेजमधली माणसं इस्त्रीचे शर्ट घालून बसली होती. लेकीने त्यांच्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईने हलकेच मान डोलावली.

लहानपणापासून घराबाहेर जे तिने कधीच सांगितलं नव्हतं, ते ती मागच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात बोलली.

"आईला भरतकाम येत नाही. हे चेहरे माझे बाबा भरायचे."