भरवशाची रायफल

“हीसुद्धा छानच आहे ना?” प्रतापने विचारलं आणि लिव्हर मुद्दाम सावकाश ओढली.

काडतूस अर्ध्यावर अडकलं. काडतूस खोटंच होतं, दुकानात तपासणीसाठी ठेवलेलं. ते अडकणार हे प्रतापला ठाऊक होतं. याच बनावटीची रायफल त्याने आधी तीन दुकानांत हाताळली होती. तिन्ही ठिकाणी काडतूस असंच अडकलं होतं, आणि तिन्ही दुकानदारांनी दोष त्याच्या हाताला दिला होता.

जर्मनीत र्युसेल्सहाइमच्या मोटारींच्या कारखान्यात प्रतापची सगळी नोकरी माल तपासण्यात गेली होती. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे, असा प्रश्न समोरच्याला विचारायचा ही त्याची जुनी पद्धत. मालाबद्दल त्यातून नवीन काही कळत नाही. माणूस कळतो.

गावातल्या नेमबाजीच्या क्लबात तो दर शनिवारी जायचा. तिथे जुन्या अमेरिकन धाटणीच्या रायफलींची वेगळी स्पर्धा असे. खऱ्या जुन्या रायफली संग्रहालयात. स्पर्धेत लोक प्रतिकृती वापरायचे: रूप आजोबांच्या आजोबांच्या काळचं, पोलाद आजचं. प्रत्येक गोळीनंतर लिव्हर पुढे ढकलायची आणि मागे ओढायची, की रिकामं काडतूस बाहेर आणि नवं आत. ते एकदा अडकलं की स्पर्धा तिथेच संपली. म्हणून प्रताप वर्षभर नुसत्या रायफली बघत होता. त्याने विषय काढला की त्याची बायको, कुंदा, भांडी आवरता आवरता “या, या” म्हणायची. ते जर्मन ‘हो, हो’ की मराठी ‘या’, हे त्याने विचारलं नव्हतं.

हे दुकान मुक्ताने सुचवलं होतं. मुक्ता त्याची मुलगी. एश्बॉर्नला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि तिथेच राहायची. सध्या बापलेकीचं बोलणं जेवढ्यास तेवढं होतं. तिला कुणाला तरी घरी आणायचं होतं. प्रतापने पहिला प्रश्न ‘डिग्री कुठली?’ असा केला आणि तिने विषयच मिटवला. मग परवा अचानक तिचा फोन आला. लुडविग्सहाफेनला एक चांगलं दुकान आहे, मी गाडीने नेते, म्हणाली. आत मात्र आली नाही. बंदुका बघवत नाहीत म्हणून समोरच्या बेकरीत कॉफी घेऊन बसली.

काउंटरमागे तिशीचा एक तरुण होता. चामड्याचा एप्रन, बोटांना तेल. तो इथे बंदुका दुरुस्त करायचा. त्याने रायफल हातात घेऊन अडकलेलं काडतूस काढलं.

“दिसायला छान आहे,” तो म्हणाला. “पण मी ही तुम्हाला देणार नाही.”

“का? माझा हात सावकाश चालतो म्हणून?”

“तुमचा हात बरोबर आहे. खोट हिच्यात आहे. आमच्याकडून नेलेल्या दोन अशाच परत आल्या. मी दुरुस्त करून पाहिल्या. मला जमलं नाही.”

 नोकरीत प्रतापने शेकडो लोकांच्या मालात खोट काढली होती. ‘मला जमलं नाही’ असं त्यांतलं कुणी म्हणालेलं त्याला आठवेना.

तरुणाने आतून दुसरी रायफल आणली. हिला पितळेची चमक नव्हती, दस्त्याचं लाकूडही साधंच. प्रतापने लिव्हर सावकाश ओढली, मग जोरात. रायफल आडवी धरून ओढली, नळी खाली करून ओढली. काहीच अडकलं नाही. तरुण बाजूला उभा होता. मालाचं कौतुक करत नव्हता, घड्याळाकडेही बघत नव्हता.

“ही ठेवा माझ्यासाठी,” प्रताप म्हणाला आणि त्याने आपला शस्त्रपरवाना काउंटरवर ठेवला.

तरुणाने त्यावरचं नाव वाचलं. मग प्रतापकडे पाहिलं. मग पुन्हा नाव वाचलं. त्याचे कान लाल झाले. कोपर लागून स्क्रूंची वाटी खाली गेली. ते गोळा करायला तो वाकला आणि उठताना त्याने काउंटरला डोकं आपटून घेतलं. रायफल पुढच्या आठवड्यात मिळेल, एवढं सांगायला त्याला तीनदा सुरुवात करावी लागली. प्रताप दाराशी पोचला तेव्हा मागून त्याचा निरोप आला.

बेकरीत मुक्ताची कॉफी तशीच पडली होती.

“उंड?” मग काय झालं, असं तिने विचारलं. ती घरात नेहमी जर्मनच बोलायची.

“मिळाली,” प्रताप बसत म्हणाला. “पण रायफलीचं सोड. माणूस काय आहे तो! आपल्याच दुकानातला माल घेऊ नका म्हणाला. मला जमलं नाही, असं तोंडावर सांगितलं. अशा माणसाच्या हातात डोळे मिटून काहीही सोपवावं.”

मुक्ताने कप उचलला.

“जरा विचित्र आहे मात्र. माझं नाव वाचलं आणि एकदम गडबडला. स्क्रू काय सांडले, डोकं काय आपटलं. आणि निघताना म्हणतो कसा, ‘आउफ विडरझेन, हेर पळसुले.’ पळसुले! चांगला ठसठशीत ळ. इतकी वर्षं मी इथे आहे. ऑफिसात पालसुले, डॉक्टरकडे पाल्झूले. या देशातल्या माणसाच्या तोंडून मी आज पहिल्यांदा ळ ऐकला. कुठे शिकला असेल गं हा?”

मुक्ताने कप बशीत ठेवला.

“माझ्याकडे,” ती मराठीत म्हणाली. “तुला भेटायचं म्हणून येन्सने अख्खा हिवाळा तो ळ घोकलाय, बाबा.”